स्थिर आकार

बिलावर एक ओळ असते : स्थिर आकार.
गिरण फिरो न फिरो, ती ओळ जागची हलत नाही.
लहानपणी मी विचारलं होतं, आकार म्हणजे कसला,
तर बाबांनी पिठाच्या बोटानं हवेत एक गोल काढला
आणि म्हणाले, ह्याच्या आत आम्ही.

डिचोलीत, बोर्ड्याच्या चढावर,
एक जातं पिठाचं, एक कांडप मिरचीचं.
मे महिन्यात अर्धा वाडा इथे येऊन शिंकतो.
युनिटमागे किती वाढले ते मला तोंडपाठ आहे.
किलोमागे मी दोन रुपये वाढवले
तेव्हा फ्रान्सिना म्हणाली, मग मी मिक्सरवरच वाटते, बाय.
तिसऱ्या दिवशी परत आली. मिक्सर जळला होता.
ती काही बोलली नाही. मीही नाही.

शेजारी सुशांत घाड्याचं वेल्डिंग
हल्ली रात्री अकरानंतर चमकतं.
अरे, रात्री दर तोच असतो, मी सांगितलं त्याला.
म्हणाला, ठाऊक आहे,
पण दिवसा मीटरकडे बघवत नाही.

मंगळवारी आमदार आले.
सोबत सात जण आणि एक नुसता मोबाईल धरणारा.
"जरा बंद करा हे, बोलणं ऐकू येत नाही."
मी खटका खाली केला.
पट्टा दमत दमत थांबला,
आणि सकाळी अकरा वाजता
सायकलवाल्याच्या पंपाचा श्वास इथवर ऐकू आला.
त्या शांततेत ते बोलले :
छपरावर सूर्य, सूर्यावर सबसिडी,
अर्ज ऑनलाईन, कागद फक्त पाच.
चौथा कागद : छप्पर कुणाच्या नावावर.

छप्पर भाटकाराचं. आम्ही मुंडकार.
केस मामलेदाराकडे,
माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
ऊन तेवढं रोज येतं कौलांवर,
कुणाची सही न घेता.

शुक्रवारी विरोधातले आले, कंदील घेऊन.
कंदिलात वात नव्हती, सेलवरचे दिवे होते,
एकाच्या बुडाला किमतीची चिकटी तशीच.
"मॅडम, फोटोत गिरण बंद दिसली पाहिजे."
पण ती चालू आहे, मी म्हटलं, माणसं खोळंबलीत.
"दोनच मिनिटं."
पुन्हा खटका.
बंद मोटर उठताना जो हिसका खाते
तो बिलात वेगळा कुणी लिहीत नाही,
मीटर मात्र धरून ठेवतं.

रांगेत म्हातारा सोयरू, पिशवीत पाच शेर कोरगुट.
कंदीलवाल्यांतल्या पुढच्याकडे निरखून म्हणाला,
"गेल्या खेपेला सबसिडी सांगायला
तूच आला होतास ना रे?
शर्टसुद्धा हाच होता."
मोबाईल धरणाऱ्यानं मोबाईल खाली घेतला.
फ्रान्सिना हसली, आणि मिरची नसताना
तिला ठसका लागला.

मग एक पत्र आलं, वरच्या कचेरीतून, शिक्क्यासह.
आम्ही बावीस जणांनी अर्ज दिला होता :
गिरणवाले, शिंपी, बर्फवाला,
इस्त्रीची जुळी भावंडं.
"श्री. जयदेव मळीक, आपल्या अडचणीची
सहानुभूतीपूर्वक नोंद घेण्यात आली आहे."
जोडणी अजून बाबांच्या नावावर,
म्हणून नोंदही त्यांचीच.
चार वर्षं झाली त्यांना जाऊन.
पत्र मी त्यांच्या तसबिरीमागे खोचलं.
त्यांचं होतं, त्यांना दिलं.

मीटरच्या काचेवर पीठ बसलंय.
आज पुसलं नाही.
बोटानं त्यात एक गोल काढला, अर्धवट,
तेवढ्यातून आकडा दिसायला लागला
म्हणून थांबले.

उद्या मिरची. बेडगी आणि हरमलची, दोन्ही.
चाळण झाडून ठेवलीय.
कुणी येणार असतील भेट द्यायला
तर उद्याच या.
गिरण चालू असेल.